चिंच, जांभूळ आणि वाइनचा पेला : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

पलूस परिसरातील एका द्राक्षबागेत जानेवारीत झालेल्या वाइन चाखण्याच्या बैठकीचे वर्णन गेल्या अंकात याच पानावर आले होते. नऊ मित्र, चार वाइन, घरचे जेवण आणि त्यांतल्या दोन वाइन ज्यांनी स्वतः केल्या ते वाइनमेकर, एवढाच तो मामला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव दिले आहे.

प्रश्न : आम्ही शाळेपासूनचे आठ मित्र आहोत. एकाची तासगाव रस्त्याला बाग आहे आणि त्याच्या परिचयाचे एक वाइनमेकर आमच्याबरोबर बसण्यास तयार आहेत. किती बाटल्या आणाव्यात आणि कोणत्या क्रमाने उघडाव्यात? मुख्य अडचण वेगळीच आहे. पुस्तकांत वाइनच्या वासाला ब्लॅककरंट, गूसबेरी अशी नावे दिलेली असतात. ती फळे आमच्यापैकी कोणीही पाहिलेली नाहीत. मग जाणकार माणसासमोर आम्ही बोलावे काय? (मिरज)

उत्तर : आठ जणांना चार वाइन पुरेशा आहेत. चाखताना प्रत्येकाच्या पेल्यात ५० मिलिलिटरहून अधिक ओतू नये, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीतील ४०० मिलिलिटर चाखण्यात जातात आणि जवळजवळ निम्मी बाटली जेवणासाठी उरते. हौसेपोटी सहा-सात बाटल्या मांडल्या, तर पाचव्या पेल्यापासून जिभेला काहीही कळेनासे होते आणि बैठकीचे रूपांतर साध्या मद्यपानात होते. चाखून थुंकण्यासाठी एक भांडे ठेवावे आणि त्यात कोणी संकोच मानू नये. पानाच्या तबकाशेजारी पिकदाणी ठेवण्याची रीत आपल्याकडे होतीच, आणि वाइनमेकर मंडळी कामाच्या दिवशी चाखलेली जवळजवळ प्रत्येक वाइन थुंकतात. क्रमाविषयी सांगायचे, तर आधी फेसाळ म्हणजे स्पार्कलिंग, मग व्हाइट, मग रोझे म्हणजे गुलाबी, त्यानंतर रेड आणि गोड वाइन असल्यास ती सर्वांत शेवटी. पेले साध्या काचेचे, पोटाशी रुंद व तोंडाशी किंचित निमुळते असावेत. नक्षीच्या किंवा रंगीत पेल्यांत वाइनचा रंगच दिसत नाही.

क्रमापेक्षा तापमानाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण आपल्या जिल्ह्यात वाइन बिघडते ती येथे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा संकेत थंड प्रदेशातील जुन्या घरांतून आलेला आहे. त्या खोलीचे तापमान १६ ते १८ अंश असते, आणि एप्रिलमध्ये सांगलीतील खोलीचे तापमान त्याच्या दुपटीला टेकलेले असते. मी स्वतः एकदा एका मित्राच्या घरी गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेली उत्तम शिराझ तशीच उघडली होती. पेल्यातून वर आली ती केवळ अल्कोहोलची धग, आणि यजमानांच्या मातोश्रींनी लांबूनच 'काढा उकळलाय का?' असे विचारले. तेव्हापासून रेड वाइनही मी जेवणापूर्वी तासभर फ्रिजमध्ये ठेवतो. व्हाइट वाइन ८ ते १२ अंशांना आणि स्पार्कलिंग त्याहूनही गार हवी. बागेत फ्रिज नसेल, तर बादलीत निम्मे पाणी, निम्मा बर्फ व मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि गारवा सावकाश चढतो, उलट पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते, त्यामुळे वीस मिनिटांत काम होते.

आता बोलण्याविषयी. ब्लॅककरंट न पाहिल्याचे कोणतेही वैगुण्य मानू नये, कारण वाइन ज्या गोष्टींची बनलेली असते त्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. द्राक्षातील मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतील मुख्य आम्लही तेच. पेल्यातील आंबटपणा जिभेच्या कडांना चिंचेच्या बोटुकासारखा झिणझिण्या आणतो की नाही, एवढे तपासता आले, तरी वाइनमधील आम्ल ओळखता आले असे समजावे. द्राक्षात दुसरे आम्ल असते ते मॅलिक. ते सफरचंदातले. अनेक रेड आणि काही व्हाइट वाइनमध्ये विशिष्ट जिवाणू या आम्लाचे लॅक्टिक आम्लात, म्हणजे दही-ताकातील आम्लात, रूपांतर करतात. त्यामुळे हिरव्या सफरचंदाची धार जाऊन ताकाचा मऊपणा येतो. टॅनिन म्हणजे तुरटपणा, आणि तुरटपणाची जेवढी जाण जांभूळ, आवळा, सुपारी व फार उकळलेला कोरा चहा यांवर वाढलेल्या माणसाला असते, तेवढी क्वचितच कोणाला असेल. सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनमध्ये जो हिरवट वास येतो, तो ज्या संयुगांमुळे येतो तीच संयुगे ढोबळ्या मिरचीतही असतात. शिराझमध्ये मिरीचा भास होतो, तो भासही नव्हे, कारण काळ्या मिरीला तिचा वास देणारे संयुगच तेथे असते. तेव्हा वाइनमेकरसमोर 'ही जांभळासारखी जिभेला धरते' असे निःसंकोच म्हणावे. त्यांना ते कोणत्याही उसन्या फळाच्या नावापेक्षा अधिक उपयोगी वाटेल.

त्यांना विचारण्यासारखे प्रश्नही आपल्याच भाषेतले आहेत. फळ छाटणी केव्हा घेतली, तोडणी किती ब्रिक्सला, म्हणजे रसातील साखरेच्या किती मापाला, केली, रात्री की उन्ह चढल्यावर, आणि माल वायनरीत पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, एवढे चार प्रश्न विचारले तरी त्यांची कळी खुलते. भाव कमी करून मिळेल का, हा प्रश्न मात्र निदान जेवण होईपर्यंत राखून ठेवावा. आणखी एक सूचना अशी, की चारही बाटल्या त्यांच्याच वायनरीच्या नसाव्यात. एक बाटली कागदात गुंडाळून, नाव झाकून ठेवावी. आमच्या बैठकीत पाहुण्यांनी स्वतःच्याच वाइनला बऱ्यापैकी शिव्या दिल्या, आणि कागद काढल्यावर सर्वांत मोठ्याने तेच हसले.

प्रश्न : माझी चार एकर बाग आहे. तास-ए-गणेश, माणिक चमन आणि थॉम्पसनच्या द्राक्षांना, बेदाण्याला देशभर नाव आहे. बेदाण्याचा माल २२ ब्रिक्सपर्यंत सहज जातो. असे असताना वाइनसाठी वेगळीच परदेशी जात का लावावी लागते? शिल्लक राहिलेल्या मालाची वाइन का होत नाही? (तासगाव)

उत्तर : होत नाही असे नाही. साखर आणि यीस्ट एकत्र आले की अल्कोहोल होणारच, आणि परदेशांत थॉम्पसन सीडलेसचा रस स्वस्त वाइनमध्ये पुष्कळ वापरला गेला आहे. प्रश्न साखरेचा नसून सालीचा आहे. खाण्याच्या द्राक्षात आपण जे गुण वर्षानुवर्षे निवडून काढले, म्हणजे मोठा मणी, पातळ साल, बी नाही आणि तोंडात गोड पाण्यासारखा फुटणारा गर, तेच वाइनच्या दृष्टीने दोष ठरतात. रंग, टॅनिन आणि सुगंध देणारे बहुतेक घटक सालीत व सालीलगत असतात. जी.ए. (जिबरेलिक आम्ल) या वाढीच्या संप्रेरकाची बुडवणी देऊन १८ मिलिमीटरपर्यंत फुगवलेल्या मण्यात रसाच्या मानाने साल फारच थोडी राहते. कॅबर्ने सोव्हिन्यों या रेड वाइनच्या जातीचा मणी त्यामानाने वाटाण्याएवढा, साल जाड आणि आत बिया, त्यामुळे रस कमी पण सालीचा वाटा मोठा. शिवाय थॉम्पसन आणि तिच्यातून आपल्या तालुक्यात निवडलेल्या तास-ए-गणेशला स्वतःचा असा ठळक सुगंध नाही. बेदाण्याला त्याची गरजही नसते.

हे मला कळले ते वाचून नव्हे. बैठकीच्या दिवशी जेवणाआधी वाइनमेकरांनी आम्हांला बागेत नेले आणि प्रत्येकाच्या हातावर कॅबर्नेचा एकेक मणी ठेवला. रस गिळा, पण साल आणि बी तोंडातच ठेवा, अशी त्यांची ताकीद होती. साल दाढेखाली येताच हिरड्यांवर कोरडेपणा चढला. नंतर बी फोडली, तर ती कडू न लागता भाजलेल्या शेंगदाण्याकडे झुकणारी खमंग लागली. हिरवी बी कडू लागते, ती अशी तपकिरी आणि कुरकुरीत झाली म्हणजे तोडणी जवळ आली, असे त्यांनी सांगितले. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर त्यांच्या खिशात होता, परंतु तो त्यांनी नंतर काढला. तो २३ ब्रिक्स दाखवीत होता. एवढ्या साखरेतून साधारण १३ टक्के अल्कोहोल मिळते. तासाभराने त्याच जातीची दोन वर्षांपूर्वीची वाइन पेल्यात आली, तेव्हा हिरड्यांवरचा तोच कोरडेपणा ओळखीच्या माणसासारखा भेटला.

आपल्या पत्रात न विचारलेला, पण ओळींमागे दिसणारा एक प्रश्न आहे, तो म्हणजे आपणही वाइनची द्राक्षे लावावीत काय. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आले, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले गेले आणि त्या उत्साहात आपल्या भागातील अनेकांनी या जाती लावल्या. पुढे २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घसरली, खरेदी थांबली, आणि पुष्कळांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. खाण्याच्या द्राक्षाला स्थानिक बाजार, निर्यात आणि यांपैकी काही जमले नाही तर बेदाणा अशा तीन वाटा असतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र वायनरी ही एकच वाट असते. बारीक, बियांचा मणी कोणी टोपलीत घेत नाही आणि तो रॅकवर वाळवूनही उपयोग नाही. त्यातच चांगल्या वाइनसाठी एकरी उत्पादन मुद्दाम कमी राखावे लागते. तेव्हा वर्षांची मुदत आणि दर ठरवणारा लेखी करार हातात आल्याखेरीज खुंट लावण्याचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अशी बैठक आमच्या घरी होणार आहे आणि स्वयंपाक माझ्याकडे आहे. वाचावे तेथे चीज आणि ऑलिव्ह मांडायला सांगतात. आमच्याकडे तांबड्या रश्श्याशिवाय पाहुणचार होत नाही आणि निम्मे पाहुणे शाकाहारी आहेत. आमच्या तिखट जेवणाशी वाइन जुळतच नाही, असे यजमानांचे म्हणणे आहे. ते खरे मानावे काय? (सांगली)

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे निम्मे खरे आहे. मिरचीचा तिखटपणा ही चव नसून दाह आहे, आणि अल्कोहोल व टॅनिन हे दोन्ही तो दाह वाढवतात. म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने दिली, तर रस्सा दुप्पट तिखट लागतो, वाइन कडू लागते आणि पाहुणे पाणी मागतात. तिखटाला उतारा गोडव्याचा आणि गारव्याचा. तांबड्या रश्श्यापाशी शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन किंचित गोडसर असलेली, किंवा रोझे, चांगली गार करून द्यावी. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू व खसखस यांचा स्निग्धपणा असल्याने त्याला कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, शेनिन ब्लां अधिक शोभते. सुके मटण तिखट बेताचे ठेवून, मिरीकडे झुकणाऱ्या मसाल्यात केले, तर शिराझ येथे आपले खरे रूप दाखवते. मटणातील प्रथिने व चरबी टॅनिनला धरून ठेवतात आणि वाइन मऊ लागते. एक घोट मटणाच्या आधी आणि एक नंतर घेऊन पाहिल्यास हा फरक कोणालाही कळतो.

शाकाहारी पाहुण्यांची चिंता तर मुळीच करू नये, कारण मला स्वतःला आमच्या बैठकीतील सर्वोत्तम जोडी त्यांच्याच पानात सापडली. पहिल्या फेरीला भडंग ठेवले होते. चुरमुऱ्यांचा कुरकुरीतपणा, लसूण, शेंगदाणे, तेलाचा हलका हात आणि मीठ यांवर गार स्पार्कलिंगचा घोट घेतला की फेस तेल धुऊन नेतो, मिठामुळे वाइनचा आंबटपणा गोल होतो आणि हात आपोआप पुन्हा ताटलीकडे जातो. वाइनमेकरांनी परत जाताना भडंगाची पुडी बांधून मागितली, यावरून काय ते समजावे. दुसरी जोडी हुरड्याची. वाइनच्या द्राक्षांची तोडणी आणि ज्वारीचा हुरडा यांचा हंगाम आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत एकाच सुमारास येतो, आणि कोवळ्या दाण्याचा हिरवट गोडवा सोव्हिन्यों ब्लांच्या हिरवटपणाशी असा मिसळतो, की दोन्ही एकाच रानातून आल्यासारखे वाटते. सोबतची लसणाची चटणी मात्र बोटाच्या टोकावर घ्यावी. कृष्णाकाठच्या वांग्याचे निखाऱ्यावर भाजलेले भरीत, त्याच्या धुरकट चवीमुळे, रोझेलाही चालते आणि हलक्या शिराझलाही. मला रोझेबरोबर अधिक आवडले.

काही गोष्टी पानातून दूर ठेवाव्यात. खर्ड्याबरोबर कोणतीही वाइन टिकत नाही, तेथे ताकच खरे. लिंबू आणि कैरीचे लोणचे ताटात असेल, तर कमी आम्लाची वाइन त्यापुढे अगदी मिळमिळीत लागते. तळणीत जुने तेल वापरू नये, कारण त्याचा वास पेल्यातही शिरतो. चाखण्याच्या वेळेपुरती खोलीत उदबत्ती आणि अंगाला अत्तर नसावे, आणि ज्यांनी मोगऱ्याचे गजरे माळले असतील त्यांनी रागावू नये, पण त्यांनाही हे सांगावे लागते. चीज-ऑलिव्हला माझा विरोध नाही. हौस असल्यास ठेवावे, परंतु गरम थालीपिठावरचे लोणी तेच काम करते आणि पाहुण्यांच्या पोटातही काही पडते.

प्रश्न : एका मेजवानीत यजमानांनी कौतुकाने उघडलेल्या वाइनला ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. सर्वांनी ती तशीच प्यायली. बोलावे की गप्प बसावे? (कराड)

उत्तर : बोलावे, पण हळू आणि यजमानांच्या कानात. ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास हा बहुधा बुचातून आलेला दोष असतो. त्यात यजमानांचा काहीही अपराध नसतो आणि ती वाइन प्रकृतीला घातकही नसते. केवळ तिचा स्वतःचा सुगंध दबून गेलेला असतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष सहसा आढळत नाही, त्यामुळे फिरकीचे झाकण म्हणजे हलकी वाइन हा समज सोडून द्यावा. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास, आणि व्हाइट वाइनला चढलेली कापून ठेवलेल्या सफरचंदाची तपकिरी छटा, हेही दोषच होत. मी एकदा दुकानाच्या काचेत, पश्चिमेच्या उन्हात उभी ठेवलेली बाटली रुबाबदार लेबलावर भाळून घेतली होती. तिला उकळलेल्या मनुकांचा वास होता. ती परत करण्याचे धैर्य मला झाले नाही, एवढे प्रांजळपणे कबूल करतो. बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले, तर मात्र घाबरू नये. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात आणि निरुपद्रवी असतात.

प्रश्न : रेड वाइन हृदयाला हितकारक असते, असे सांगून आमचे भाऊजी रोज दोन पेले घेतात. त्यांना काय सांगावे? तसेच घरच्या घरी द्राक्षांची वाइन करण्यास परवानगी असते काय? (विटा)

उत्तर : भाऊजींना आवडते म्हणून ते घेतात असे त्यांनी म्हणावे, औषध म्हणून घेतो असे म्हणू नये. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. परवान्याशिवाय घरी वाइन तयार करणे हा आपल्या राज्यातील दारूबंदी कायद्याखाली, म्हणजे १९४९ च्या कायद्याखाली, गुन्हा आहे. याच कायद्याच्या नियमांनुसार वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. बैठकीला येणाऱ्यांपैकी जो गाडी चालवणार असेल, त्याच्यासाठी आणि न पिणाऱ्यांसाठी ताज्या काळ्या द्राक्षांचा गाळलेला रस त्याच पेल्यांत, तितकाच गार करून ठेवावा. आमच्या नऊ जणांत दोघे असे होते आणि वासांची नावे सर्वांत अचूक त्यांनीच सांगितली.

प्रश्न : साताऱ्याच्या कंदी पेढ्याबरोबर कोणती वाइन द्यावी? आणि उरलेल्या बाटल्यांचे काय करावे? (सातारा)

उत्तर : गोड पदार्थाबरोबरची वाइन पदार्थाहून अधिक गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट लागते. त्यामुळे वेलीवर उशिरापर्यंत राखलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां पेढ्याला चालून जाईल. प्रत्यक्षात मी ती वाइन चार हिरव्या बेदाण्यांबरोबर देतो आणि पेढा नंतर, कोऱ्या कॉफीबरोबर. खरपूस भाजलेल्या खव्याचा तो वास दुसऱ्या कशात मिसळावा असे मला वाटत नाही. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. रेडसुद्धा फ्रिजमध्येच ठेवावी, म्हणजे ती दोन-तीन दिवस बरी राहते. स्पार्कलिंग मात्र त्याच रात्री संपवावी. चौथ्या दिवशी रेडला आंबूस वास येऊ लागला, तर वाटीभर घेऊन आले-लसणाबरोबर मटणाला तासभर लावून ठेवावी आणि त्या दिवशी दही घालू नये.